सशांनीं उलगडलेलें कोडें

सकाळीं पापण्या नीट उघडाव्या, बोलणें स्पष्ट असावें. दिवस कलतां पापण्या मिटूं लागाव्या, घास चावतांना जबडा थकावा आणि प्रसंगीं श्वासही अपुरा पडावा, असा एक रोग आहे. ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ हें त्याचें नांव. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यानें १६७२ मध्यें अशा एका स्त्रीचें वर्णन केलें. परंतु स्नायु धडधाकट दिसत असतां बळ जातें कोठें, हें कोडें पुढें तीनशें वर्षें सुटलें नाहीं.

त्याचा एक दुवा लंडनमधील ग्रीनिच येथें मिळाला. रोग्याची अवस्था क्युरारे विषानें बाधलेल्या माणसासारखी आहे, हें ध्यानीं घेऊन डॉ. मेरी वॉकर यांनीं १९३४ मध्यें त्या विषावरील उतारा, फायसोस्टिग्मीन, टोचून पाहिला. आणि मिटलेली पापणी कांहीं काळ वर उचलली गेली. म्हणजे दोष मज्जातंतु व स्नायु यांच्या सांध्यांत होता. १९६० मध्यें स्कॉटलंडमधील जॉन सिम्सन यांनीं असा तर्क मांडला कीं, रोगजंतूंवर धाडावयाचीं प्रतिपिंडें येथें शरीर स्वतःवरच धाडीत असावें. तर्क पटण्यासारखा होता. पुरावा मात्र नव्हता.

तो अनपेक्षितपणें मिळाला. मज्जातंतूचा निरोप ॲसिटिलकोलीन हें द्रव्य आणतें व स्नायूवरील ‘ग्राहक’ तो झेलतो. कॅलिफोर्नियांतील साल्क संस्थेंत जिम पॅट्रिक व जॉन लिंडस्ट्रॉम यांनीं विद्युत्-ईल या माशाच्या वीज उत्पन्न करणाऱ्या अवयवांतून हा ग्राहक शुद्ध करून सशांना टोचला. सशांच्या रक्तांत प्रतिपिंडें तयार व्हावीं, एवढाच हेतु. परंतु दुसऱ्या टोचणीनंतर बहुतेक ससे लुळे पडून मेले. माशाच्या ग्राहकाविरुद्ध निर्माण झालेलीं प्रतिपिंडें सशांच्या स्वतःच्या ग्राहकांवर तुटून पडलीं होतीं. १९७३ मध्यें हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

ससे टोचणीनें आजारी पडले, माणसाचें काय? १९७५ मध्यें क्लाउस टॉयका, डॅनियल ड्रॅकमन व त्यांचे सहकारी यांनीं बाल्टिमोर येथें रोग्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडें उंदरांना रोज टोचलीं. उंदरांच्या स्नायूंवरील ग्राहक घटले आणि कांहीं उंदीर दुबळे झाले. पुढल्याच वर्षीं लंडनमध्यें रोग्यांचा रक्तरस काढून बदलला, तेव्हां त्यांचें बळ कांहीं काळ परत आलें. प्रतिपिंडांना आवरणारे आजचे उपचार याच वाटेनें आले आहेत.

कित्येक रोग्यांचा थकवा एकेकाळीं मनाचा खेळ ठरविला जात असे. त्याचें मूळ रक्तांत आहे, हें त्या मुक्या प्राण्यांनीं जीव देऊन दाखविलें.