गच्च्यांवरून जोडलेले अथेन्स

अथेन्स म्हटले की मनात सॉक्रेटिस उभा राहतो, नाही तर ॲक्रॉपोलिसची टेकडी. आज आम्ही श्रोत्यांना त्या टेकडीवर नेणार नाही. तिच्याभोवती पसरलेल्या पाच-सहा मजली घरांच्या सपाट गच्च्यांवर नेणार आहोत. दूरचित्रवाणीच्या सांगाड्यांच्या गर्दीत तेथे २००२ सालापासून एक निराळी वस्तू दिसू लागली : जाळीदार तबकडी, आणि तिचे तोंड आकाशाकडे नव्हे, तर दूरच्या दुसऱ्या गच्चीकडे.

त्या काळी ग्रीसमध्ये इंटरनेट मिळे ते बहुधा टेलिफोनच्या तारेवरून, आणि तेही मंदगतीने. पश्चिम युरोपात जलद जोडणी घरोघर पोचू लागली होती. ग्रीस त्या पंक्तीत फार मागे बसला होता. तेव्हा काही हौशी मंडळींनी अर्जविनंत्या करीत बसण्याऐवजी वाय-फायची यंत्रे आणली आणि आपल्या घरांचीच साखळी बांधावयास घेतली. तिचे नाव 'अथेन्स वायरलेस मेट्रोपॉलिटन नेटवर्क'.

ह्या साखळीची रीत समजून घेण्याजोगी आहे. दोन तबकड्या एकमेकींना दिसल्या पाहिजेत. मध्ये नवी इमारत उठली की जोड तुटला. म्हणून प्रमुख गच्चीवर दोन-तीन दिशांना जोड ठेवावयाचे, म्हणजे एक वाट बंद झाली तरी निरोप दुसरीने जाईल. वाट निवडण्याचे जे नियम जगातल्या बड्या कंपन्या वापरतात, तेच ह्या मंडळींनी घरच्या यंत्रांवर चालविले. 'विंड' नावाच्या सामाईक नोंदवहीत नवा माणूस आपली गच्ची नकाशावर मांडी आणि कोणाशी जोडता येईल ते पाही. यंत्राचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. आणि दुसऱ्याचा निरोप आपल्या घरावरून पुढे जाऊ द्यावयाचा, तोही फुकट! आमच्या मते सारे मर्म ह्या एका गोष्टीत आहे. तबकडी बाजारात मिळते. ही कबुली मिळत नाही.

२०१० च्या सुमारास अशा प्रमुख गच्च्या हजारावर गेल्या. हे जाळे म्हणजे केवळ इंटरनेटचे दार नव्हते. संभाषण, खेळ, फायलींची देवघेव हे सारे गावातल्या गावात चाले, आणि बाहेरची तार तुटली तरी आतला व्यवहार अडत नसे.

ह्याच वर्षांत अमेरिकेतील फिलाडेल्फियाने दुसरा मार्ग धरला. महापौर जॉन स्ट्रीट यांनी २००४ मध्ये सबंध शहराला, म्हणजे सुमारे १३५ चौरस मैलांना, वाय-फाय पुरविण्याचा बेत जाहीर केला. अर्थलिंक ह्या कंपनीने रस्त्यावरील खांबांवर यंत्रे बसविली. पण खांबावरची लहर विटांच्या भिंतींपुढे हतबल ठरली, ग्राहक अपेक्षेहून फार थोडे आले, आणि २००८ मध्ये कंपनीने हात काढून घेतला. नागरिक तेथे केवळ गिऱ्हाईक होता. जाळे बंद पडते आहे असे कळल्यावर त्याच्या हाती करण्यासारखे काहीच नव्हते.

मग अथेन्सचा विजय झाला म्हणावयाचे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. पुढे जलद जोडण्या स्वस्त झाल्या, घरोघर आल्या, आणि ज्या टंचाईने माणसे गच्चीवर चढली ती टंचाईच सरली. अथेन्सच्या जाळ्यालाही ओहोटी लागली. अशा जाळ्याला माणसांची झीज फार लवकर जाणवते. कंपनीचा नोकर गेला तर दुसरा येतो. पण चार वाटांच्या मोक्यावरचा सभासद घर बदलून गेला, की त्याच्याबरोबर तबकडी उतरते. मग मागे राहिलेल्यांनी पुन्हा नोंदवही उघडावयाची, आसपास उंच गच्ची कोणाची आहे ते पाहावयाचे, आणि त्या घराची घंटा वाजवावयाची.