आडवी बाटली आणि गावचं इंटरनेट

मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. नोंद असलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की परवान्याचं दारू दुकानही गावातून उठतं. महाराष्ट्रातल्या बायांनी हा हक्क भांडून मिळवला. मग गावानं स्वतःचं इंटरनेट चालवायचं की नाही, हे गावाला का विचारत नाहीत?

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं २००५ मध्ये कायदा केला, की मतदारांचा कौल घेतल्याशिवाय शहरानं इंटरनेट सेवा द्यायची नाही. लॉन्गमाँट शहराकडे स्वतःची फायबर होती, पण ती घरोघर नेता येईना. २००९ मध्ये प्रस्ताव पडला, २०११ मध्ये त्याच शहरानं तो मंजूर केला. पुढे शंभरावर गावांनी तसाच कौल दिला आणि २०२३ मध्ये राज्यानं ती अटच काढून टाकली.

आपल्याकडची मुळं वेगळी. १८८५ च्या तार कायद्यानं तारांचा हक्क एकट्या सरकारकडे गेला. संविधानानंही टपाल, तार, दूरध्वनी केंद्राच्या सूचीत ठेवले. गावाला विचारायची रीत पडलीच नाही. वाशीम जिल्ह्यानं हे रुळांवरही पाहिलंय. कारंज्यावरून जायची ती शकुंतला रेल्वे कापूस वाहून न्यायला ब्रिटिश कंपनीनं टाकली. ती कुठून जावी आणि कधी थांबावी, हे ज्यांच्या शिवारातून रूळ गेले त्यांना कुणी विचारलं नाही.

पण एक फट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. ७३ व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय मांडले. त्यातल्या तेराव्या विषयात रस्ते, साकव, पूल यांच्या शेवटी दळणवळणाची ‘इतर साधने’ही आहेत. इंटरनेट त्यात बसतं असं मी मानतो. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत नुसते रस्ते आणि पूल आहेत. म्हणजे या बाबतीत वाशीम शहरापेक्षा त्याच्या शेजारचं खेडं जास्त जोरात बोलू शकतं.

२०११ मध्ये केंद्रानं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. केबल कार्यालयाच्या भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यापर्यंत येते. तिथून शाळा, अंगणवाडी, वस्ती हा शेवटचा पल्ला खरा अवघड, आणि तोच गावाच्या हातात आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत सार्वजनिक वायफाय केंद्र चालवायला परवाना लागत नाही, शुल्कही नाही. किराणा दुकानदार ते चालवू शकतो, मग ग्रामपंचायतीनं का मागं राहावं? वित्त आयोगाचा अबंधित निधी गावाच्या गरजेसाठीच असतो. सोयाबीनचा भाव पाहायला आणि पीक विम्याची तक्रार वेळेत नोंदवायला नेट लागतं. ही गरज नाही तर काय?

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला लावा. गावचं वायफाय हवं की नको, कोण चालवणार, वीज गेली तर काय, महिन्याला किती पैसे, सगळं उघड बोला. आधी महिला ग्रामसभेत बोला. हात वर झाले की ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागितल्याशिवाय घरी जाऊ नका.