'सेक्युलर'चे हिंदी

'सेक्युलर' हे इंग्रजी विशेषण आज सभांत, वर्तमानपत्रांत आणि भांडणांतही सर्रास वापरले जाते. त्याचा हिंदी अर्थ कुणालाही विचारा, 'धर्मनिरपेक्ष' हेच उत्तर मिळेल. राज्यघटनेच्या हिंदी उद्देशिकेत मात्र हा शब्दच नाही. तिथे आहे 'पंथनिरपेक्ष'.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'सेक्युलम', म्हणजे युग, पिढी किंवा हे जग. चर्चच्या भाषेत मठात न राहता लोकांत वावरणारा धर्मगुरू तो सेक्युलर. आपल्या गोव्यात हा शब्द याच अर्थाने आधी आला. युरोपीय मठसंघांची दारे गोंयकारांना बहुधा बंदच असत. त्यामुळे इथले पाद्री 'सेक्युलर' वर्गातले. वरच्या जागा नाकारल्या गेल्याची त्यांची खंत १७८७ च्या पिंटोंच्या बंडामागे होती. म्हणजे एके काळी गोव्यात सेक्युलर म्हणजे चक्क पाद्री!

१८५१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज होलिओक याने 'सेक्युलॅरिझम' हा शब्द घडवला आणि विशेषणाला नवा अर्थ चिकटला : धर्मसंस्थेपासून अलग. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले. १९११ च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे झाले, आणि गोव्यातल्या हिंदूंना समान नागरिकत्वाचा दिलासा मिळाला. राज्याने धर्मापासून दूर राहण्याचा फायदा काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी अनुभवलेले आहे.

भारताच्या घटनासमितीत के. टी. शाह यांनी १९४८ साली हा शब्द घालण्याची सूचना मांडली. ती मान्य झाली नाही. मात्र घटनेच्या २५व्या कलमात 'सेक्युलर' पहिल्यापासून आहे. धार्मिक प्रथेशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय वगैरे व्यवहारांबद्दल तो येतो, आणि तिथे हिंदीत त्याला 'लौकिक' म्हटले आहे. मला हा प्रतिशब्द मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा वाटतो. मराठीत मात्र तो चालणे कठीण, कारण आपल्याकडे 'लौकिक' म्हटले की नावलौकिक आठवतो.

उद्देशिकेत 'सेक्युलर' आला तो १९७६ साली, आणीबाणीत, ४२व्या घटनादुरुस्तीने. पुढे १९८७ साली ५८व्या दुरुस्तीने हिंदी पाठाला प्राधिकृत दर्जा देण्याची सोय झाली. त्या पाठात 'पंथनिरपेक्ष' आहे. समर्थक म्हणतात, धर्म म्हणजे कर्तव्य आणि नीती, त्यापासून राज्याने अलिप्त कसे राहावे? अलिप्त राहायचे ते पंथांपासून.

युक्तिवाद चांगला आहे, पण त्याच उद्देशिकेत थोडे पुढे वाचले की अडखळायला होते. इंग्रजी 'फेथ'साठी तिथे 'धर्म' हाच शब्द आहे. भेदभाव मना करणाऱ्या १५व्या कलमातही 'रिलिजन'ला 'धर्म'च म्हटले आहे. म्हणजे स्वातंत्र्य द्यायचे ते धर्माचे, भेद करायचा नाही तो धर्मावरून, आणि निरपेक्ष राहायचे ते मात्र पंथाविषयी! मराठी पाठाने 'धर्मनिरपेक्ष' ठेवला आणि 'फेथ'ला 'श्रद्धा' म्हटले. मला हे अधिक सरळ वाटते.

सरकारी कारकुनाला एक सवय असते. नियमात एकाच गोष्टीला दोन नावे दिसली की तो थबकतो, कारण उद्या वाद होईल तो तिथेच. १९७८ साली या विशेषणाची व्याख्याच घटनेत घालण्याचा प्रयत्न झाला. 'सर्व धर्मांना समान आदर' अशा आशयाची ती व्याख्या लोकसभेने मंजूर केली, राज्यसभेत ती अडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा शब्द काढून टाकण्याच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या.

शब्द राहिला, व्याख्या राहून गेली. तोवर धर्म म्हणायचे की पंथ हा घोळ चालूच राहील. आपण मात्र एवढे करू शकतो. उद्या कुणी 'खरा शब्द पंथनिरपेक्ष' असे ठासून सांगू लागला, तर त्याला ती उद्देशिका शेवटपर्यंत वाचायला सांगावी.