घटमाला भारण, नौकेवरील
नौकेवरील शिसे-अम्ल विद्युत् संचायक घटमालेत (बॅटरीत) एकदिश प्रवाहाने पुन्हा ऊर्जा साठविण्याची क्रिया. लहान नौकांत घटमाला एंजिन सुरू करण्यास व दिव्यांसाठी, तर पाणबुडीत पाण्याखालील प्रचालनासाठी वापरतात.

भारण पूर्ण होत आले व प्रत्येक घटाचा दाब सु. २.४ व्होल्टवर गेला म्हणजे पाण्याचे अपघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन आकारमानाने सु. ४ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते मिश्रण ठिणगीने पेटू शकते. हा वायू हलका असल्याने कक्षाच्या छताशी साचतो. घटांत समुद्राचे पाणी शिरल्यास विषारी क्लोरीन निर्माण होतो.

गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक तयार केला. १८८२ मध्ये लंडन येथे टेम्स नदीवर ‘इलेक्ट्रिसिटी’ ही नौका संचायकांवर चालविण्यात आली. स्पेनच्या ‘पेराल’ (१८८८) या पाणबुडीच्या घटमाला किनाऱ्यावरूनच भारित कराव्या लागत. अमेरिकेच्या नौदलाने १९०० मध्ये घेतलेल्या ‘हॉलंड’ पाणबुडीत मात्र तिच्याच पेट्रोल एंजिनाने भारण होई. त्यामुळे पल्ला वाढला. परंतु वायूचा उगम व ठिणगीची साधने एकाच बंदिस्त सांगाड्यात आली. ऑगस्ट १९४९ मध्ये नॉर्वेजवळ वादळात सापडलेल्या ‘कोचिनो’ या अमेरिकी पाणबुडीत एका घटमालेतून दुसरीत प्रवाह जाऊन हायड्रोजन साचला व स्फोट झाले. पाणबुडी बुडाली आणि मदतीस आलेल्या ‘टस्क’वरील सहा जणांसह सात जण मृत्यू पावले.

भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात दाखल झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापटनम् येथे ‘सिंधुरक्षक’वर आग लागून एक नौसैनिक मृत्यू पावला, घटमालेच्या सदोष झडपेतून झालेली हायड्रोजनाची गळती हे त्याचे कारण सांगण्यात आले. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या ‘कलवरी’त (२०१७) प्रत्येकी ७५० किग्रॅ. वजनाचे ३६० घट आहेत. घटमालांच्या उत्पादनातही मुंबई परिसराचा वाटा आहे. नवीन पनवेलनजीक तळोजे औद्योगिक वसाहतीतील स्टँडर्ड बॅटरीजचा कारखाना १९९८ मध्ये एक्साइड इंडस्ट्रीजकडे गेला.

या अनुभवांतून सुरक्षिततेची तत्त्वे रूढ झाली. भारणाच्या अखेरीस प्रवाह कमी करतात. भारण चालू असताना व त्यानंतरही काही काळ वायुवीजन चालू ठेवतात. जोडणी करताना वा सोडविताना प्रवाह प्रथम बंद करतात. पाणबुडीत हायड्रोजनमापक वापरतात. मासेमारी नौकेवर मात्र एंजिनकक्ष उघडा व हवेशीर ठेवणे आणि जवळ विडी वा उघडा दिवा न आणणे, एवढी दक्षताही जीव वाचवू शकते. झडपबंद घटमालांतून सामान्यतः फारच थोडा वायू निघतो. तथापि अतिभारणाने त्यांची झडप उघडून हायड्रोजन बाहेर पडतो. म्हणून त्यांनाही वायुवीजन आवश्यक असते.