कोंडलेल्या हवेची वाट

टर्बोच्या इतिहासाचा आरंभ आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याच्या 1905 मधील पेटंटापासून करतात. इंजिनातून वाया जाणाऱ्या वायूंनी एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने जादा हवा इंजिनात कोंबायची, ही त्याची कल्पना. 1920 च्या दशकात ती जहाजांच्या डिझेल इंजिनांत रुजली. तेथे हवेच्या वाटेत थ्रॉटलची झडप नव्हती. मला हा इतिहास खरे तर या झडपेचाच वाटतो.

1962 मध्ये अमेरिकेत कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबाइल जेटफायर या पेट्रोलवरील टर्बो मोटारी बाजारात आल्या. त्यांत कार्ब्युरेटर, म्हणजेच झडप, टर्बोच्या आधी होता. पुढे इंधन फवारणाऱ्या पोर्शे 911 टर्बो (1975) किंवा साब 99 टर्बो (1978) यांसारख्या गाड्यांत झडप टर्बोनंतर आली आणि नवा पेच पडला. पाय उचलताच झडप मिटते, टर्बो मात्र फिरतच राहतो. मधे कोंडलेली हवा उलटून त्याच्या पात्यांवर आदळते.

म्हणून टर्बो आणि झडप यांच्या दरम्यान ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवतात. त्याची बारीक नळी मात्र झडपेपलीकडे, इंजिनाच्या बाजूलाच जोडावी लागते. झडप मिटल्यावर इंजिन तेथली हवा ओढून घेते आणि ती ओढच स्प्रिंगविरुद्ध पडदा उचलते. नळी अलीकडे जोडली तर ही ओढ मिळतच नाही, आणि व्हॉल्व्ह नेमका हवा तेव्हा मिटलेला राहतो.

तरुण मंडळींना आवडणारा ‘फुस्स’ आवाज या सुटलेल्या हवेचा. परंतु जेथे आत येणारी हवा मोजून इंधन ठरते, तेथे मोजलेली हवा बाहेर सोडली की पेट्रोल क्षणभर जास्त पडते. अशा गाडीत ती पुन्हा टर्बोच्या तोंडाशीच न्यावी लागते.