फौजेतून गावकारभारात, तेही पदाशिवाय : अण्णा हजारे यांची कारकीर्द

थोडक्यात ओळख
मूळ नाव : किसन बाबूराव हजारे
जन्म : १५ जून १९३७, भिंगार
गाव : राळेगणसिद्धी, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर
फौजेतले काम : ट्रकचालक
सन्मान : पद्मश्री (१९९०), पद्मभूषण (१९९२)

फौजेतून रिटायर होऊन आलेला माणूस पुढं सरपंचकीला उभा राहतो, हे आपल्याकडं नवं नाही. अण्णा मात्र कधीच कुठल्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. तरी राज्यातल्या गावकारभारावर त्यांच्याइतका परिणाम फार थोड्या माजी सैनिकांनी केला असेल.

फौजेतली वर्षे
शाळा मुंबईत, सातवीपर्यंत. घरची ओढाताण असल्यानं दादरला फुलं विकली आणि पुढं फौजेत भरती झाले. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या गाड्यांवर हल्ला झाला. सोबतचे जवान गेले, अण्णा वाचले. लग्न करायचं नाही आणि उरलेलं आयुष्य गावासाठी द्यायचं, असं त्यांनी पुढं ठरवलं. १९७५ मध्ये फौज सोडून ते गावी आले.

राळेगणचं काम
पारनेर हा कमी पावसाचा तालुका. त्या वेळी राळेगणात विहिरी आटलेल्या आणि दारूच्या भट्ट्या पेटलेल्या. अण्णांनी आधी फंडाचे पैसे घालून यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं. गाव तिथं बसायला लागलं आणि निर्णयही तिथंच होऊ लागले. मग नालाबांध, पाझर तलाव, समतल चर अशी पाणलोटाची कामं श्रमदानातून उभी राहिली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री राज्याच्या आदर्श गाव योजनेत आली.

याची दुसरी बाजूही आहे. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे प्रकार गावात झाले आणि खुद्द अण्णांनीही ते लपवले नाहीत. गाव एका माणसाच्या शब्दावर चालतं, अशी टीका त्यावरून आजही होते.

गावातून मंत्रालयापर्यंत
१९९१ मध्ये त्यांनी भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन सुरू केलं. माहितीच्या अधिकारासाठी उपोषणं केली. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. २०११ च्या लोकपाल आंदोलनानंतर काही सहकाऱ्यांनी पक्ष काढला, पण अण्णा त्यात गेले नाहीत.

गावकऱ्यांच्या उपयोगाचं
• ग्रामसभा : आर्थिक वर्षात किमान चार. गावच्या मतदार यादीतला प्रत्येक जण सभासद असतो. खर्चाचा हिशेब तिथं उभं राहून विचारता येतो.
• माहिती अधिकार : ग्रामपंचायतीच्या बिलांच्या नकला अर्ज करून मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही मिळालं तर अपील.
• बदल्या व दिरंगाईचा कायदा : यासाठीही अण्णांनी आग्रह धरला. साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात म्हटलंय.

हे वापरायला सरपंच किंवा सदस्य असावं लागत नाही. फौजेतून आलेल्याला कागद वाचायची अन् वेळ पाळायची सवय असते. ग्रामसभेत अशी चार माणसं नेमानं बसली, तर ग्रामसेवकाला प्रोसिडिंग आधी लिहून ठेवता येत नाही.