होकायंत्राच्या सुईची रोजची चाल : लंडन ते अलिबाग

१/१३
होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, हे आपण शाळेत शिकतो. ती दररोज किंचित पूर्वेकडे आणि मग पश्चिमेकडे झुकते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. या झुकण्याचे कारण निर्विवादपणे कळायला सुमारे दोनशे वर्षे लागली. त्या शोधात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील नोंदींचाही वाटा आहे.

२/१३
वर्ष १७२२. लंडनचा प्रसिद्ध घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम याने फेब्रुवारी ते मे या काळात चुंबकसूचीचे हजाराहून अधिक वेध घेतले. सुई दिवसभरात एका जागी राहत नाही, असे त्याला आढळले. युरोपात सर्वसाधारणपणे सकाळी आठच्या सुमारास ती पूर्वेकडे जास्तीत जास्त झुकते, तर दुपारी एक-दोनच्या सुमारास पश्चिमेकडे. हा फरक अंशाच्या सहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे साध्या होकायंत्रावर दिसणारही नाही एवढा.

३/१३
१७५९ मध्ये जॉन कँटन या इंग्रज शिक्षकाने दाखवून दिले की, ही चाल उन्हाळ्यात मोठी आणि हिवाळ्यात लहान असते. सूर्याचा हात उघड झाला. पण सूर्य हे घडवतो कसा? उन्हाने पृथ्वीचा तापलेला भाग चुंबकत्वाने दुबळा होतो, असे कँटनला वाटले. ते उत्तर चुकीचे होते. पण त्या काळी याहून चांगले उत्तर कोणाकडेही नव्हते.

४/१३
एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कार्ल फ्रीड्रिख गाउस याने या विषयाला गणिताची बैठक दिली. जगभर एकाच वेळी वेध घेण्याची कल्पना रुजली आणि ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत चुंबकीय वेधशाळांचे जाळे विणले. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होतीच. तेथे १८४१ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय नोंदी सुरू झाल्या.

५/१३
त्या दशकात या वेधशाळेत काम करणाऱ्यांत एक मराठी तरुण होता : केरो लक्ष्मण छत्रे. जन्म १८२५, गाव अलिबागजवळचे नागाव. पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे आणि टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. ठरलेल्या घटकेला उपकरणापाशी जायचे, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. दिवसा, रात्री, भर पावसातही. वेधशाळेतील नोकरी म्हणजे मुख्यतः हेच.

६/१३
कारणाचा नेमका अंदाज १८८२ च्या सुमारास आला. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ बॅल्फर स्टुअर्ट याने सुचवले की, वातावरणाच्या अगदी वरच्या थरांतील हवा विद्युत्वाहक असावी. सूर्यामुळे तेथे भरती-ओहोटीसारखी हालचाल होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहक हवा सरकली की तिच्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. म्हणजे डोक्यावरचे आकाश हेच एक प्रचंड जनित्र! त्या प्रवाहाचे क्षेत्र जमिनीवरच्या सुईला हलवते.

७/१३
कल्पना सुंदर, पण पुरावा काय? त्या उंचीवर जाऊ शकेल असे साधन तेव्हा नव्हते. मँचेस्टरच्या आर्थर शूस्टरने १८८९ मध्ये गाउसचे गणित हाती घेतले. त्यातील युक्ती अशी : क्षेत्राच्या आडव्या घटकांतील दैनिक बदल माहीत असला, तर उभ्या घटकातील बदल कसा असेल हे काढता येते, आणि उगम जमिनीखाली असेल तर एक उत्तर येते, वर असेल तर दुसरे.

८/१३
या पडताळ्यासाठी शूस्टरने चार ठिकाणच्या नोंदी वापरल्या : सेंट पीटर्सबर्ग, ग्रिनिच, लिस्बन आणि मुंबई. पहिली तिन्ही युरोपातील. उष्ण कटिबंधातील ठिकाण एकटी मुंबई. कौल स्पष्ट आला. दैनिक बदलाचा मुख्य उगम पृथ्वीच्या पृष्ठभागाबाहेर, वर आहे. उरलेला लहान भाग म्हणजे वरच्या प्रवाहांमुळे जमिनीत प्रवर्तित झालेले प्रवाह.

९/१३
आता कालक्रम पाहा. मार्कोनीचा रेडिओ संदेश अटलांटिक ओलांडून गेला तो १९०१ मध्ये. रेडिओलहरी परतवणारा वाहक थर वर असावा, असे केनेली आणि हेविसाइड यांनी मांडले ते १९०२ मध्ये. ॲपल्टनने तो प्रयोगाने सिद्ध केला १९२४ मध्ये. चुंबकसूचीने मात्र त्या थराची, म्हणजे आजच्या आयनांबराची, साक्ष शूस्टरच्या कागदावर आधीच दिली होती.

१०/१३
आजचे चित्र असे : सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील हवेचे आयनीभवन होते. सूर्याच्या उष्णतेने उठणारे वारे ती हवा चुंबकीय क्षेत्रातून ढकलतात. दिवसाच्या बाजूला प्रवाहांचे दोन महाकाय भोवरे तयार होतात; एक उत्तर गोलार्धात, दुसरा दक्षिण गोलार्धात. रात्री त्या थराची वाहकता घटते आणि सुई जवळजवळ शांत होते. चंद्राच्या ओढीमुळेही असाच, पण फार लहान बदल होतो.

११/१३
चुंबकीय विषुववृत्तावर हा प्रवाह एका अरुंद पट्ट्यात एकवटतो. १९२२ मध्ये सुरू झालेल्या पेरूमधील वान्कायो वेधशाळेत दैनिक बदल विलक्षण मोठा आढळला, तो यामुळेच. हा पट्टा दक्षिण भारतावरूनही जातो. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातून पहिले संशोधन-अग्निबाण सुटले ते थुंबा येथून. ती जागा निवडण्यामागे चुंबकीय विषुववृत्ताचे सान्निध्य हे मोठे कारण होते.

१२/१३
पुन्हा मुंबईकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेची ट्राम येणार हे ठरले आणि कुलाब्याच्या नोंदींवर संकट आले; रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहाने सुया भरकटल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग येथे, लोखंड टाळून बांधलेली नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले गेले. दोन ठिकाणांतील फरक नेमका कळावा आणि जुनी मालिका नव्या जागी तशीच पुढे चालावी, हा त्यामागचा हेतू. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. नोंद खंडित झाली नाही.

१३/१३
ती मालिका आजही अलिबागला चालू आहे. केरूनानांचे नागाव तेथून हाकेच्या अंतरावर. विज्ञानाच्या इतिहासात स्टुअर्ट आणि शूस्टर यांची नावे राहतात, आणि ती राहावीत. परंतु ज्या आकड्यांवर त्यांचे गणित उभे राहिले, ते तासातासाला लिहिणाऱ्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपण काय मोजतो आहोत याचा उलगडा होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ते प्रामाणिकपणे मोजले. मुंबईच्या विज्ञानाचा इतिहास लिहिताना या वह्या दप्तरखान्यातली रद्दी नव्हेत, त्या अस्सल साधने आहेत, हे आपण विसरू नये.